फोटो फिरवल्यावर कोपरे का कापले जातात आणि अक्षरं का मऊ पडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीतल्या एका तीर्थोपाध्याय घराण्याकडे यजमानांच्या नामावळ्यांच्या जुन्या वह्या आहेत. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोध. घरातल्या तरुण मंडळींनी मोबाइलवर त्यांचे फोटो काढलेत आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीआधी हे सगळं नीट लावून ठेवायचं आहे. पायथॉनमध्ये पिलो ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी वापरून फोटो सरळ करायला घेतले, तर तीन त्रास झाले. काही फोटो मोबाइलवर उभे दिसतात, पण पायथॉनमध्ये उघडले की आडवे पडतात. दोन-तीन अंशांनी फिरवले की पानाचे कोपरे कापले जातात आणि काळे त्रिकोण येतात. आणि एकच फोटो दोन-तीनदा फिरवून जतन केला की अक्षरं मऊ, पुसट होतात. शेवटी विचारलंय, ‘फिरवायची योग्य कमांड कोणती?’

कमांड सांगतो, पण अडचण कमांडची नाहीये. आपण ‘फिरवणं’ म्हणतो त्यात निदान तीन वेगळी कामं मिसळली आहेत. एकात पिक्सेलना हातच लागत नाही, फक्त फाइलमधली एक नोंद वाचायची असते. दुसऱ्यात पिक्सेल जागा बदलतात, पण त्यांची किंमत तीच राहते. तिसऱ्यात प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजावा लागतो. नुकसान होतं ते या तिसऱ्यात, म्हणून ते शेवटी आणि एकदाच करायचं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कॅमेऱ्याने सुटे भाग तपासणाऱ्या यंत्रणांवर काम करतो. पट्ट्यावर भाग कसाही पडतो, सॉफ्टवेअरने तो सरळ करून मोजायचा. तिथे अर्ध्या पिक्सेलचाही हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे या विषयात मी जरा चिकट आहे. फंक्शनांची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, मदतपुस्तिकेत लगेच सापडतील.

आधी आडव्या पडणाऱ्या फोटोंचं. मोबाइल तुम्ही कसाही धरा, आतला सेन्सर एकाच दिशेने पिक्सेल लिहितो आणि ‘हा दाखवताना अमुक इतका फिरवा’ अशी चिठ्ठी फाइलच्या एक्झिफ माहितीत ठेवतो. ही ओरिएंटेशनची नोंद, टॅग क्रमांक २७४, किंमत १ ते ८. १ म्हणजे आहे तसा, ३ म्हणजे १८० अंश, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा, ८ म्हणजे उलट दिशेने ९० अंश. उरलेल्या चारांत आरशासारखी उलटापालटही असते, पण मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने काढलेल्या साध्या फोटोत त्या सहसा येत नाहीत. गॅलरी ही चिठ्ठी वाचते. पिलोचं ओपन ती आपणहून लागू करत नाही. म्हणून फाइल उघडल्या उघडल्या इमेजऑप्समधलं एक्झिफ ट्रान्सपोज चालवायचं, ते पिक्सेल खरोखर फिरवतं आणि नवीन प्रतीतली चिठ्ठी काढून टाकतं.

इथे लोक हमखास अडकतात ते दोन लायब्ऱ्या एकत्र वापरताना. ओपन सीव्ही या चित्रांच्या दुसऱ्या लायब्ररीचं फाइल वाचणारं फंक्शन इमरीड नेहमीच्या रंगीत वाचनात चिठ्ठी स्वतःच पाळतं, पण ‘अनचेंज्ड’ पर्याय दिला तर पाळत नाही. त्यामुळे इमरीडने वाचलेला फोटो तुम्ही चिठ्ठी बघून पुन्हा फिरवलात, तर तो दोनदा फिरतो. तसंच, पिक्सेल फिरवून झाल्यावर जुनी एक्झिफ जशीच्या तशी चिकटवून जतन केलीत, तर गॅलरी तो परत फिरवते आणि तुम्हाला वाटतं कोड चुकला. कोण कधी फिरवतंय हे एकदा ठरवा. माझा नियम असा की फाइल वाचताना चिठ्ठी लागू करायची आणि तिथेच तिचा निकाल लावायचा. पुढच्या कोडमध्ये तिचं नावही नको.

मोडीच्या कामात मराठी फाइलनावं येणारच, म्हणून जाता जाता एक. विंडोजवर फाइलचं नाव देवनागरीत असेल तर ओपन सीव्हीचं इमरीड पुष्कळदा काहीच न सांगता ‘नन’, म्हणजे रिकामं उत्तर, परत करतं आणि प्रोग्राम पुढच्या ओळीवर भलत्याच कारणाने पडतो. नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीतल्या फ्रॉमफाइलने बाइट्स वाचून ते इमडिकोडला द्या, किंवा फाइलनावात नुसते आकडे ठेवून नाव-गाव वेगळ्या तक्त्यात लिहा. मी दुसरं करेन.

आता ९०, १८०, २७० अंश. इथे प्रत्येक पिक्सेलला नवीन चौकटीत नेमकी जागा मिळते, म्हणून काहीच हरवत नाही. पिलोचं ट्रान्सपोज, नमपायचं रॉट९० किंवा ओपन सीव्हीचं रोटेट यांपैकी काहीही चालेल. मात्र नमपायचं रॉट९० घड्याळाच्या उलट फिरवतं हे ध्यानात ठेवा. पिलोच्या साध्या रोटेटला ९० दिलंत आणि ‘एक्सपँड’ दिलं नाहीत, तर तो आडवा फोटो आडव्याच चौकटीत उभा बसवायला जातो आणि वरखाली कापतो. तुमचे काही कोपरे असेच गेले असतील. जेपेगमध्ये मात्र फिरवणं निर्दोष असलं तरी पुन्हा जतन करताना घट होते, कारण जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून ते दाबतं आणि काही सांगितलं नाही तर पिलोची गुणवत्ता फक्त ७५ असते. जेपेगट्रॅन नावाचं साधन ठोकळेच उचलून फिरवतं, पुन्हा दाबत नाही. पण चित्राची बाजू ठोकळ्यांच्या पटीत नसेल तर कडेची पट्टी अडते. तुम्हाला पुढे तिरकेपणा काढायचाच आहे, तेव्हा यात फार शिरू नका.

तिरकेपणा काढणं हे खरं काम. पान दोन अंशांनी तिरकं आहे असं धरा. बरेच जण असा विचार करतात की मूळचा प्रत्येक पिक्सेल उचलायचा आणि फिरवून नव्या जागी ठेवायचा. स्वतः कोड लिहून बघा, चित्रात बारीक भोकं पडतील. काही नव्या चौकटींवर दोन पिक्सेल येतात, काहींवर एकही नाही. म्हणून सगळ्या लायब्ऱ्या उलट चालतात. नव्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल घेऊन विचारतात की हा मूळ चित्रात कुठून येतो? उत्तर येतं, समजा, स्तंभ ८१२.३७ आणि ओळ ४५.८१. अशा अपूर्णांकी जागी पिक्सेल नसतो, तर आजूबाजूच्यांवरून किंमत काढावी लागते. ती कशी काढायची याला इंटरपोलेशन म्हणतात.

‘निअरेस्ट’ म्हणजे जवळचा एक उचला. ‘बायलिनियर’ म्हणजे भोवतालच्या चारांची अंतरानुसार सरासरी. ‘बायक्युबिक’ सोळा पिक्सेल बघतं. आणि पिलोच्या रोटेटमध्ये काही सांगितलं नाही तर निअरेस्ट चालतं! याचा परिणाम देवनागरीवर कसा होतो ते एकदा झूम करून बघाच. दोन अंशांच्या फिरवण्यात शिरोरेघ दर २९ पिक्सेलला एक पायरी चढते किंवा उतरते. म्हणजे ‘गोविंद’ किंवा ‘त्र्यंबक’ अशा एका नावाच्या डोक्यावरच्या रेघेत तीन-चार दातरे येतात. बारीक अनुस्वार आणि रफार तर कधी जाड होतात, कधी अर्धे गायब. नामावळीत अनुस्वाराने आडनाव बदलतं.

बायलिनियरमध्ये दातरे जातात, पण कडा जरा मऊ होतात, कारण सरासरी घेतली की शाईचा गडदपणा शेजारच्या कागदात थोडा मिसळतोच. हे एकदा झालं तर डोळ्याला कळतही नाही. पण तुम्ही आधी तीन अंश फिरवलंत, जतन केलंत, मग ‘जरा जास्त झालं’ म्हणून उलट एक अंश फिरवलंत, तर सरासरीची सरासरी झाली, वर दोनदा जेपेग. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. दोन अंश पुढे आणि दोन अंश मागे केल्याने मूळ चित्र परत मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. म्हणून कोन बदलायचा असेल तर प्रत्येक वेळी मूळ फाइलवरून सुरुवात करा, फिरवलेल्या फाइलवरून नको.

वाचनासाठी मी बायक्युबिक घेतो. एक तोटा आहे. गडद शाई आणि फिकट कागद यांच्या सीमेवर ते किंचित जास्त उडी मारतं, त्यामुळे अक्षराभोवती अगदी बारीक उजळ कड दिसू शकते. मोजमापाच्या कामात मला ती नको असते म्हणून तिथे बायलिनियर. निअरेस्टची एकच जागा आहे, आणि ती म्हणजे जिथे पिक्सेलची किंमत हा रंग नसून क्रमांक असतो, उदाहरणार्थ ‘हा भाग मजकूर, हा भाग शिक्का’ असा नकाशा. तिथे १ आणि ३ यांची सरासरी २ काढणं म्हणजे निव्वळ घोटाळा. तसंच, आधी काळं-पांढरं करून मग फिरवू नका. करड्या छटांमध्ये फिरवा, मग काळं-पांढरं करा.

कोपऱ्यांचं गणित सोपं आहे. आयत फिरवला की त्याला मोठी चौकट लागते. नवी रुंदी म्हणजे जुनी रुंदी गुणिले कोसाइन अधिक जुनी उंची गुणिले साइन, आणि नवी उंची म्हणजे उंची गुणिले कोसाइन अधिक रुंदी गुणिले साइन. ४००० बाय ३००० चा फोटो तीन अंशांनी फिरवला तर साधारण ४१५२ बाय ३२०६ ची चौकट लागते. जुन्याच चौकटीत ठेवलात तर उरलेलं कापलं जाणार. पिलोमध्ये ‘एक्सपँड’ खरं करा की हे आपोआप होतं. रिकाम्या त्रिकोणांचा काळा रंग ‘फिलकलर’ने बदलतो. पांढरा देऊ नका, जुन्या कागदाचा पिवळसर रंग पानाच्या कडेवरून मोजून तो द्या. काळा त्रिकोण राहिला तर पुढे अक्षरं ओळखणारा प्रोग्राम त्यालाच शाई समजतो. ओपन सीव्हीत हे हाताने करावं लागतं. गेट रोटेशन मॅट्रिक्स टूडीने दिलेल्या तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात नव्या आणि जुन्या मध्यबिंदूंतला फरक मिळवा, मग वॉर्प अफाइनला नवा आकार द्या. तो आकार ‘रुंदी, उंची’ अशा क्रमाने लागतो आणि नमपायचं शेप ‘उंची, रुंदी’ सांगतं. हा उलटा क्रम अनुभवी माणसालाही झोपवतो.

दिशेचाही एक गोंधळ आहे. शाळेतलं सूत्र वापरून स्वतः मॅट्रिक्स, म्हणजे फिरवण्याच्या आकड्यांचा तक्ता, केलंत तर चित्र उलट बाजूला फिरेल. सूत्र बरोबर आहे, पण चित्रात वाय अक्ष खाली वाढतो, आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. आणि फिरतंही त्या कोपऱ्याभोवतीच, म्हणून चित्र चौकटीबाहेर निघून जातं. मध्यबिंदू शून्यावर आणा, फिरवा, नव्या चौकटीच्या मध्यावर न्या, या तीन पायऱ्या. पिलो आणि ओपन सीव्ही दोन्हींच्या तयार फंक्शनांत धन कोन म्हणजे घड्याळाच्या उलट.

आता कोन किती हे कसं ठरवायचं? शेकडो पानांचा कोन डोळ्याने ठरवायला बसलात तर पानागणिक अंदाज बदलतो. आपल्या लिपीत एक सोय आहे जी रोमन मजकुरात इतकी ठसठशीत नसते, ती म्हणजे शिरोरेघ. मोडीत तर आधी पानभर आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत. म्हणजे पानावर कोनाचा पुरावा लेखनिकाने स्वतःच ठेवलाय. पद्धत अशी: फोटोची लहान प्रत घ्या, रुंदी हजार पिक्सेलपर्यंत, आणि ती काळी-पांढरी करा. ही प्रत फक्त मोजायला आहे. ती उणे पाच ते अधिक पाच अंश, अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवा आणि दर वेळी प्रत्येक आडव्या ओळीतले काळे पिक्सेल मोजा. रेघा बरोबर आडव्या झाल्या की काही ओळींत काळ्या पिक्सेलची रास लागते आणि मधल्या ओळी रिकाम्या राहतात, म्हणजे आकड्यांचा चढउतार, गणिताच्या भाषेत व्हेरिअन्स, सर्वांत जास्त होतो. तो कोन पकडा, त्याच्या आजूबाजूला ०.१ अंशाने पुन्हा शोधा. हजार पिक्सेल रुंदीवर ०.१ अंश म्हणजे टोकापासून टोकापर्यंत पावणेदोन पिक्सेलचा फरक, त्याहून बारीक शोधण्यात अर्थ नाही. हफ ट्रान्सफॉर्मने रेघा शोधूनही कोन निघतो, पण डाग आणि घड्या असलेल्या कागदावर त्याला खोट्या रेघा फार दिसतात. मी या कामाला पहिली पद्धत निवडेन.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्हीच ठरवायची. बोरूने ओढलेली रेघ हाताची असते, ती कागदाच्या कडेला समांतर असेलच असं नाही. रेघा सरळ केल्या तर पान तिरकं दिसेल, पान सरळ केलं तर रेघा तिरक्या. जपणुकीची प्रत असेल तर कागदाची कड प्रमाण माना, लेखनिकाचा हात जसा चालला तसा राहू द्या. वाचून घ्यायला किंवा यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायला प्रत हवी असेल तर रेघ प्रमाण.

आणखी एक शंका येते, प्रश्नात नसली तरी. वरच्या रेघा एका कोनात आणि खालच्या दुसऱ्याच कोनात असं पुष्कळ पानांत दिसेल. तसं असेल तर फोटो तिरका नाही, मोबाइल कागदाला समांतर धरलेला नव्हता. जवळची कड लांब आणि दूरची आखूड होऊन आयताचा समलंब चौकोन झालाय. हे कितीही फिरवून सरळ होणार नाही, आणि लोक नेमके इथेच एक अंश इकडे, एक अंश तिकडे करत बसतात. याला पर्स्पेक्टिव्ह दुरुस्ती लागते. पानाचे चार कोपरे द्या, ते कुठे यायला हवेत ते द्या, गेट पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्म ३ बाय ३ चा मॅट्रिक्स काढून देतं, मग वॉर्प पर्स्पेक्टिव्ह. चार बिंदूंचे आठ आकडे आणि अज्ञातही आठ, म्हणून चारच कोपरे पुरतात. नुसतं फिरवणं, ताणणं, सरकवणं यांना २ बाय ३ चा मॅट्रिक्स आणि तीन बिंदू पुरे असतात. कोपरे हाताने टिचकी मारून द्या. फाटलेल्या, दुमडलेल्या कागदाचा कोपरा प्रोग्रामने शोधावा ही अपेक्षा मी ठेवणार नाही.

३ बाय ३ चा खरा फायदा असा की सगळे बदल त्यात एकत्र होतात. चार कोपऱ्यांची दुरुस्ती, उरलेला अर्धा अंश, कापायचा समास, आकार लहान करणं, या सगळ्यांचे मॅट्रिक्स एकमेकांना गुणायचे. क्रम सांभाळा, जो आधी लागू व्हायचा तो गुणाकारात उजवीकडे. मग मूळ फाइलवरून एकदाच वॉर्प करायचं, म्हणजे त्या मॅट्रिक्सप्रमाणे चित्र नव्याने मांडायचं. नव्याने मोजणं एकदाच होतं, म्हणून मऊपणाही एकदाच. फक्त आकार निम्म्याहून कमी करायचा असेल तर तेवढं वेगळं, सरासरी घेणाऱ्या ‘एरिया’ पद्धतीने करा. नाहीतर बारीक रेघा तुटतात. आणि हा मॅट्रिक्स पिलोच्या ट्रान्सफॉर्मला तसाच देऊ नका. पिलोला ‘नव्या चित्रातून जुन्याकडे’ नेणारे आकडे हवे असतात, ओपन सीव्ही ‘जुन्यातून नव्याकडे’ घेऊन उलटा स्वतः काढतं. एकाचा मॅट्रिक्स दुसऱ्याला दिला की चित्र बरोब्बर उलट दिशेला जातं.

तर कामाचा क्रम असा ठेवा. मूळ फोटो एका फोल्डरमध्ये, फक्त वाचण्याजोगे, त्यांना कधीच हात नाही. वाचताना चिठ्ठी लागू. लहान प्रतीवर कोपरे आणि कोन. ते आकडे पानाच्या क्रमांकासह एका सीएसव्ही फाइलमध्ये. मग मूळ फोटो, एक मॅट्रिक्स, एक वॉर्प, आणि जपणुकीची प्रत पीएनजी किंवा टिफमध्ये. मोबाइलवर पाठवायला त्यावरून जेपेग काढा, गुणवत्ता ९० च्या वर. कोन चुकला असं पुढच्या वर्षी कळलं तरी सीएसव्हीतला एक आकडा बदलायचा, फोटो पुन्हा काढायला नको. पिलोतून ओपन सीव्हीत जाताना लाल आणि निळा रंग अदलाबदल होतात, तेवढं सांभाळा. नाहीतर पानावरचं कुंकवाचं बोट निळं दिसेल.

शिवणीजवळ पान आत वळतं, तिथली अक्षरं दाटीने, आखूड दिसतात. हा बाक वरच्या कुठल्याच मॅट्रिक्सने जात नाही, कारण मॅट्रिक्स सरळ रेघ सरळच ठेवतो आणि तिथे रेघच वाकलेली असते. सॉफ्टवेअरचे उपाय आहेत, पण प्रत्येक पानाला वेगळे आकडे लागतात. त्यापेक्षा फोटो काढतानाच वही व्ही आकारात दोन उशांवर उघडी ठेवा, एका बाजूचं पान घ्या, मोबाइल स्टँडला लावा. काच दाबून सपाट करायचा मोह टाळा, जुन्या शिवणी निघतात. स्टँड असला की बहुतेक पानांचे कोपरे एकाच जागी येतात आणि टिचक्या मारायचं कामही निम्मं होतं.

‘फुकटात फोटो सरळ करून देणाऱ्या’ संकेतस्थळांचं नाव प्रश्नात आलंय, ती वापरू नका. त्या वह्यांत यजमानांच्या घरच्या पिढ्यांची नावं, गावं, मृत्यूच्या नोंदी आहेत आणि त्या त्यांनी विश्वासाने लिहून दिल्या आहेत. हे सगळं काम साध्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून होतं. सुरुवातीला सगळ्यांत वाकडी, डाग पडलेली, कोपरा फाटलेली अशी दहाएक पानं निवडा आणि ती नीट होईपर्यंत बाकीच्यांवर कोड चालवू नका. कोनाचं गणित अडलं तर त्यातल्या एखाद्या पानाचे चार कोपऱ्यांचे आकडे आणि फोटोची रुंदी-उंची कळवा. पानाचा फोटो नको, तेवढ्यावरून सांगता येईल.